कांडीचा ठसा आणि बसलेला केक

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आमच्याकडे लिहायचं म्हणजे नवा गॅस सिलिंडर लावला की त्यावर खडूने तारीख टाकायची, नाहीतर लग्नाच्या पाकिटावर नाव घालायचं. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. शाळा मराठी, कॉलेज हिंदी आणि गल्लीत दोन्हीची खिचडी, त्यामुळे एखादं वाक्य धड मराठी झालं नाही तर समजून घ्या. शिवाय ज्या विषयावर लिहितोय त्यातलं मला करता काहीच येत नाही, फक्त खाता येतं. गोडधोडावर लिहायचं तर ते आईने लिहावं, नाहीतर माझ्या धाकट्या बहिणीने. पण आई म्हणते, "मी कशाला लिहू? करून दाखवते ना." आणि बहिणीला सध्या वेळ नाही. म्हणून मी.

आमचं घर बुऱ्हाणपुरात, बुधवारा मोहल्ल्यात. पप्पा पॉवरलूमवर कामाला आहेत. घरात ओव्हन नाही, गल्लीतही फारसा कुणाकडे नाही, पण नानकटाई मात्र सगळ्यांकडे होते. दिवाळीच्या आधी, ईदच्या आधी, कुणाचा साखरपुडा असला की त्याच्या आधी, बायका मैदा, रवा, पिठीसाखर, तूप डब्यांत भरून भट्टीवर जातात. भट्टी म्हणजे चाचांची जुनी बेकरी. सकाळचे पाव आणि टोस्ट निघाले की आत जी धग उरते ती गल्लीची. सामान आपलं, मळायचं आपण, ट्रे चाचांचे. तिथेच बाकावर बसून गोळे वळायचे, ट्रेवर मांडायचे, आणि चाचा लांब दांड्याच्या फळीने ते आत सरकवतात. ते भाजून होईपर्यंत बायकांच्या ज्या गप्पा होतात त्यात अर्ध्या बुधवाऱ्याची बातमी कळते.

आता अडचण अशी की भट्टीतून निघालेली नानकटाई सगळी सारखीच दिसते. म्हणून प्रत्येक घराची एक खूण असते. कुणी किल्लीचं टोक दाबतं, कुणी पेनाचं टोपण, शेजारच्या काकू कुकरच्या शिट्टीचा ठसा उठवतात. आमची खूण कांडीची. ज्यांनी लूम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: लूमवर जो धोटा इकडून तिकडे पळतो त्याच्या पोटात सूत गुंडाळलेली एक लाकडी नळी बसते, ती कांडी. तिचं बूड नानकटाईवर टेकवलं की गोल कडं उमटतं. आजोबाही लूमवरच होते, तेव्हापासून ही खूण चालत आलीय. एक रिकामी, धुतलेली कांडी आमच्याकडे चमच्यांबरोबर स्टँडमध्येच असते. नवीन माणसाला वाटतं, हे इथे काय करतंय?

मागच्या दिवाळीत घाईघाईत एका ट्रेवर खूण करायची राहून गेली आणि तो ट्रे दुसऱ्याच कुणाच्या घरी गेला. बदल्यात जो आला तो वनस्पती तुपाचा. आईने आख्खी दिवाळी ते दुःख उगाळलं. येणाऱ्या प्रत्येकापुढे ताटली ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, पण ही आमची नाहीये हां. आमची साजूक तुपातली असते. ती गेली." लोक तोंडात घास घेऊन नुसती मान हलवायचे. तेव्हापासून घरात नियम झाला: भट्टीत आपली वस्तू खुणेशिवाय जाणार नाही.

हे सगळं सांगावं लागलं, कारण पुढे जे झालं ते या नियमामुळेच झालं.

माझी बहीण नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या मार्गशीर्षात तिचा साखरपुडा झाला. मुलगा इथून जवळच्या गावातल्या कागद मिलच्या कॉलनीतला. त्याचे वडील मिलमध्ये, मूळ कुटुंब रावेरकडचं. मुलगा चांगला, तिलाही पसंत, सगळं छान. फक्त एक गोष्ट अडली होती. त्यांना लग्न वैशाखात हवं होतं आणि हिची शेवटची परीक्षा होती पावसाळ्यात. मुलाचे मोठे काका फोनवर म्हणाले होते, "त्यात काय एवढं? लग्न झाल्यावर दे ना परीक्षा. आम्ही काय अडवतोय थोडंच!" पप्पा यावर "हो, तेही आहेच," म्हणाले. पप्पा फोनवर सगळ्यांनाच "तेही आहेच" म्हणतात.

बहीण मात्र त्या दिवशी हॉस्टेलवरून घरी आली ती बूट न काढताच आईसमोर उभी राहिली.

"आई, मला त्या घरी जायचंय. पण पास होऊन जायचंय."

"ते मला नको सांगू, त्यांना सांगायला पाहिजे."

"मग सांगा ना कुणीतरी!"

कोण सांगणार? मुलीकडचे आम्ही. साखरपुड्यानंतर मुलीकडच्यांनी तारखेवरून हटून बसायचं म्हणजे आमच्याकडे मोठीच गोष्ट. शेवटी पप्पांनी एवढंच केलं की त्यांना घरी बोलावलं. म्हणाले, "तारीख समोरासमोर बसून काढू."

मुलाच्या आईचा फोन आला. आवाज मोकळा. "रविवारी येतो आम्ही. ह्यांना शिफ्ट आहे, म्हणून मी, मोठे भाऊजी आणि मुलगा. त्याचा वाढदिवसही नेमका त्याच दिवशी आलाय. पण तुम्ही काही करत बसू नका हां."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "ऐकलंत? म्हणाल्या, काही करत बसू नका."

"मग नको करायला," पप्पा म्हणाले.

"तुम्हाला काहीच कळत नाही. त्याचा अर्थ, काहीतरी करा."

वाढदिवस म्हणजे केक हे तर ठरलंच. मी सुचवलं की स्टेशन रोडवरच्या दुकानातून आणू, नावही लिहून देतात. आई माझ्याकडे अशी बघायला लागली की मी काय बोललो ते मलाच कळेना. आमच्या घरात पाहुण्यांपुढे विकतचं गोड ठेवत नाहीत. याला अपवाद एकच, मावा जिलेबी, कारण ती बुऱ्हाणपुरात घरी करायची वस्तूच नाही. बाकी दराबा असो, करंजी असो, नानकटाई असो, ती घरची. जावयाचा पहिला वाढदिवस आपल्या दारात आणि केक दुकानातला? नाही म्हणजे नाही.

बहिणीने मोबाईलवर बघून केळ्यांचा केक काढला. काका अंडं खात नाहीत, आणि त्या व्हिडिओतली बाई सांगत होती की केळं असलं की अंड्याची गरज नाही. आईला ते बिलकुल पटलं नाही.

"केळी? बुऱ्हाणपुरात पाहुण्याला केळी? लोक म्हणतील, दारात जे स्वस्त ते वाढलं."

"कुस्करल्यावर कळतंय का कुणाला, आई?"

"कळतं. खाणाऱ्याला सगळं कळतं. बोलत नाहीत एवढंच."

पण शेवटी केळीच ठरली. शनिवारी सकाळी बहिणीने काळी पडलेली केळी कुस्करली, त्यात साखर, दही, तेल घातलं. फेटायचं काम माझ्याकडे आलं. मी आडवं-उभं कसंही फेटत होतो तर आईने पाठीत धपाटा घातला. "एकाच दिशेने फेट! दराबा बिघडतो अशाने." मी म्हटलं, हा दराबा नाही. ती म्हणाली, "फेटायचं ते फेटायचं, नाव काही असू दे." दराबा म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात मानाचं गोड. भाजलेला रवा, साखर आणि तूप हाताने फेटत बसायचं, इतकं की ते पांढरं आणि कापसासारखं हलकं होतं. आईच्या हाताचा दराबा नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. पाहुण्यांसोबत द्यायला म्हणून तिने तो आदल्या दिवशीच करून ठेवला होता.

पीठ तयार झालं. ओतायला आईने अनारसे ठेवायचा चपटा डबा दिला. आणि दारातून निघताना पप्पांच्या शर्टाच्या खिशात तिने स्वतःच्या हाताने कांडी ठेवली.

"निशाणी विसरू नका. उद्या काही गोंधळ झाला तर मी पाहुण्यांना तोंड नाही दाखवणार."

"नाही विसरत," पप्पा म्हणाले.

पप्पा शब्दाचे पक्के आहेत. तेच नडलं.

भट्टीवर चाचांनी डब्यात डोकावून बघितलं. "मियाँ, ये क्या लाए? खीर?"

"केक है चाचा," मी म्हटलं.

"अच्छा! तो इसको आराम से छोड़ दो. बीच में छेड़ना नहीं."

त्यांनी डबा आत सरकवला. आम्ही बाकावर बसलो. पप्पा खिशातली कांडी काढून हातात फिरवत होते. मी ओळखलं की ते कसल्या विचारात आहेत. नानकटाईचं पीठ घट्ट असतं, त्यावर ठसा आधीच उठवता येतो. हे पीठ पातळ. त्यावर कांडी टेकवली तर बुडाली असती. म्हणजे खूण करायची तर वरची साय धरल्यावरच करायला हवी. मला हा विचार अगदी बरोबर वाटला, हे सांगायला हवं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेला माणूस बाजूला बसला होता आणि त्यालाही ते बरोबरच वाटलं.

थोड्या वेळाने केळ्यांचा असा काही वास सुटला की रस्त्याने जाणारा एक सायकलवाला थांबून आत बघायला लागला. पप्पा उठले.

"चाचा, ज़रा डब्बा बाहर निकालो. निशाणी करनी है."

चाचांना आधी कळलंच नाही. मग ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे भाई, पूरी भट्टी में एक ही केक है! गुम होके जाएगा कहाँ?"

"वो ठीक है. पर घर में पूछेंगे."

हे चाचांना लगेच पटलं. त्यांचंही घर आहे. त्यांनी फळी घालून डबा तोंडापर्यंत ओढला. केक छान वर आला होता, सोनेरी, फुगलेला, अगदी व्हिडिओतल्यासारखा. पप्पांनी बरोबर मध्य बघितला, कांडी सरळ धरली आणि नानकटाईवर दाबतात तशी हलकेच दाबली.

सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते ना, तसा आवाज झाला. कांडीभोवती केक आत गेला, मग आणखी आत, आणि मग सगळा मधला भाग खाली जाऊन बसला. कडा तेवढ्या उभ्या राहिल्या. पप्पांनी कांडी बाहेर काढली, रुमालाने पुसली, वाकून बघितलं आणि म्हणाले,

"निशाणी तर उठली."

चाचा भिंतीकडे तोंड करून हसत होते. त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

घरी आईने झाकण काढलं. "हे काय आणलंत? मी केक दिला होता. ही वाटी कुणाची?"

पप्पांनी सगळं सांगितलं. जसं झालं तसं, चाचांच्या वाक्यासकट. आई मटकन खाली बसली. तिला ओरडताही येईना, कारण नियम तिचा, कांडी तिने दिलेली. एवढंच म्हणाली, "एकच केक होता भट्टीत. एकच!" आणि मग तिलाच हसू यायला लागलं, पण डोळ्यांत पाणी होतं. उद्या पाहुणे. उद्या तारीख. आणि पुढ्यात हे.

बहीण हात धुऊन आली. तिने डबा उजेडात नेला, बोटाने कडा दाबून बघितल्या, मध्यात सुरीचं टोक घालून बघितलं. वॉर्डात पेशंट बघत असेल तशीच.

"कडा शिजल्यात. मधलंच कच्चं राहिलंय. चमचा द्या."

"काय करतेस?"

"जखम आधी साफ करायची, मग भरायची. नुसती झाकून ठेवली तर चिघळते." तिने मधलं कच्चं पीठ चमच्याने काढलं, स्वच्छ गोल खड्डा केला आणि आईकडे वळली. "दराबा दे."

"दराबा? केकमध्ये?"

"ड्रेसिंग, आई!"

आईने डबा पुढे केला. तो बर्फासारखा पांढरा दराबा त्या खड्ड्यात काठोकाठ बसला. वर काजूचे तुकडे. खरं सांगतो, दिसायला वाईट नव्हतं. पण केक मात्र दिसत नव्हता. आईने आम्हाला समोर उभं केलं आणि बजावलं, "कुणी विचारलं तर सांगायचं, डिझाइनच अशी आहे. कळलं?" हे बोलताना ती पप्पांकडेच बघत होती.

रविवारी पाहुणे आले. मुलाची आई तशीच मोकळी, फोनवरच्यासारखी. मुलगा लाजरा, नवा शर्ट घातलेला, इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. मोठे काका खुर्चीत बसल्या बसल्याच मुद्द्यावर आले.

"तर आम्ही वैशाखातली तारीख बघितलीय. हॉलवाल्याला विचारून ठेवलंय."

पप्पा म्हणाले, "हो. फक्त तिची परीक्षा..."

"परीक्षा कुठे पळून चाललीय? यंदा नाही तर पुढच्या वर्षी. मोठी आई आहे घरात, तिला नातसून बघायचीय. तिचं वय बघा."

"तेही आहेच," पप्पा म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारात बहीण उभी होती, ती आत वळली. मला वाटलं, झालं. ठरलं. पप्पांचं "तेही आहेच" एकदा आलं की पुढे काही येत नाही.

आईने घाईने केक आणला. विषय बदलायला त्याच्याशिवाय हाताशी काही नव्हतं. मुलाच्या हातात सुरी दिली. तो डब्याभोवती सुरी फिरवत राहिला, कापावं कुठून ते त्याला कळेना. कडेने कापलं तर दराबा सांडणार, मधून कापावं तर केकच नाही.

काकांनी चष्मा सारखा केला आणि पुढे वाकले. "ही काय भानगड आहे भो? ही तर कुंडी दिसतेय!" बुऱ्हाणपूरच्या जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या विहिरींची जी रांग आहे, त्या या कुंड्या. बाहेरून आलेला माणूस त्या बघायला जातोच. काका म्हणाले, "इतक्यांदा बुऱ्हाणपूरला आलो, कुंडी बघायची राहूनच गेली होती. आज ताटात आली!"

"डिझाइन आहे ती," आई पटकन म्हणाली. "नवीन निघालीय."

"असं?"

"हो."

सगळे पप्पांकडे बघायला लागले. का ते माहीत नाही, ते काही बोलले नव्हते. पण त्यांचा चेहरा कुणीही वाचावा असा झाला होता.

"नाही हो," पप्पा म्हणाले. "मी कांडी टोचली."

आईने डोळे मिटून घेतले. आणि पप्पा बोलायला लागले. आयुष्यात पाहुण्यांपुढे दोन वाक्यांच्या वर न बोललेला माणूस. मागच्या दिवाळीचा हरवलेला ट्रे, वनस्पती तूप, पातळ पीठ, चाचा, "घर में पूछेंगे," सगळं. मध्ये उठून त्यांनी स्टँडमधली कांडी आणून दाखवली. कशी धरली, कशी टेकवली, कसा आवाज आला. "निशाणी उठली पण," हेही सांगितलं, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता.

मुलाची आई आधी पदरात हसली, मग पदर सुटला. "अहो... एकच केक... आणि त्याला निशाणी!" काकांनाही खोकला लागेपर्यंत हसू आलं. मुलगा हसता हसता सुरी घेऊन खालीच बसला. शेवटी केक चमच्यांनीच खाल्ला गेला, डबा मध्ये ठेवून, सगळ्यांनी वाकून. काकांनी दुसऱ्यांदा घेतला. "केळं आहे ना यात?" त्यांनी विचारलं. आईने माझ्याकडे बघितलं. नजरेत एकच: बघ, म्हटलं होतं ना.

मुलाची आई कांडी हातात घेऊन बसली होती. "आमच्याकडे माहेरी अंगुस्तान्याची निशाणी होती," ती म्हणाली. "आई शिवणकाम करायची, सुई टोचू नये म्हणून ते बोटात घालायची. नानकटाईवर बारीक बारीक ठिपके उठायचे. लग्न होऊन कॉलनीत आले, तिथे सगळं पुड्यात मिळायचं. मग कसली निशाणी नि कसलं काय." तिने कांडीचं बूड स्वतःच्या तळहातावर दाबून बघितलं आणि उठून आत गेली.

मी चहाच्या रिकाम्या बशा घेऊन मागे गेलो, म्हणून मला ऐकू आलं. बहीण ओट्याशी उभी होती.

"खरं सांग मला," मुलाची आई म्हणाली. "लग्नानंतर नाही का देता येणार परीक्षा?"

बहीण म्हणाली, "देता येईल काकू. पण माझ्या वर्गातल्या दोघी असंच सांगून गेल्या. आता हॉस्टेलमध्ये त्यांच्या खाटांवर दुसऱ्या मुली झोपतात." मग म्हणाली, "मला तुमच्या घरी यायचंय काकू. खरंच यायचंय. फक्त नर्स होऊन यायचंय."

मी बशा तशाच धरून उभा राहिलो. मोरीत ठेवल्या असत्या तर आवाज झाला असता.

मुलाची आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिने बहिणीच्या गालाला हात लावला आणि विचारलं, "ही कांडी मी नेऊ का गं? तुमच्याकडे असेल ना आणखी?"

आमच्याकडे कांड्यांना काय तोटा! आईने एका स्टीलच्या डब्यात नानकटाई भरली, उरलेला दराबा भरला, आणि पाहुणे निघाले. जिना उतरताना काका परत काकांसारखे झाले. "घरी मोठ्या आईशी बोलतो आणि कळवतो," म्हणाले.

त्यानंतर फोन नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. हॉलवाला पप्पांना रस्त्यात गाठून विचारायचा, वैशाखातली तारीख धरू की सोडू? पप्पा त्यालाही "तेही आहेच" म्हणून आले, त्याला काय कळलं असेल देव जाणे. बहीण ड्युटी करायची, पुस्तकं घेऊन बसायची. कुणी काही विचारलं तर म्हणायची, "मला नका विचारू, माझा अभ्यास बुडतो."

आईचं लक्ष फळीवरच्या रिकाम्या जागेकडे असायचं. तिथे तो स्टीलचा डबा असायचा. "डबा नाही आला अजून," रोज एकदा म्हणायची. मी म्हटलं, अगं, त्या डब्याचं काय एवढं? ती म्हणाली, "तुला नाही कळणार. नातं ठेवायचं नसेल तर माणूस डबा लगेच रिकामा पाठवून देतं. ठेवायचं असेल तर भरून पाठवावा लागतो. भरायला वेळ लागतो." हे ती मला समजावत होती की स्वतःला, ते मला कळलं नाही. पण तेव्हापासून मीही घरात शिरलो की आधी फळीकडे बघायला लागलो.

आणि मग मागच्या आठवड्यात मी कॉलेजच्या गेटमधून बाहेर पडत होतो, तर समोर झाडाखाली मुलगा उभा. मोटारसायकलच्या हँडलला कापडी पिशवी. पिशवीत आमचा डबा, मी लांबूनच ओळखला.

"घरी का नाही गेलात?" मी विचारलं.

"असंच एकट्याने कसं जायचं," तो म्हणाला आणि लाजला. "लोक काय म्हणतील. म्हणून म्हटलं, तुमच्याकडेच द्यावा."

डबा जड होता. माझी हिंमत होईना, पण शेवटी मी झाकण उघडलं. आत नानकटाई होती. थोडी जास्त भाजलेली, आकार लहानमोठे, पण प्रत्येकीवर गोल कडं. आमची खूण.

"आईने केलीय," तो म्हणाला. "कॉलनीतल्या बेकरीवाल्याला पटवून. तो म्हणत होता, बाई, इथे फक्त तुमचाच ट्रे आहे, निशाणी कशाला? तर आई म्हणाली, आमच्या व्याह्यांकडे विचारतात."

मी हसलो, पण माझं लक्ष हसण्यात नव्हतं. "आणि... तारखेचं?"

"ते तर सांगायचंच राहिलं," तो म्हणाला. "आईने सगळं आजीला सांगितलं, केकपासून. आजी काकांना म्हणाली, मला रोज सुई टोचून घ्यायला दवाखान्यात जावं लागतं. घरात नर्स येतेय आणि तू तिला अर्ध्यातच उठवून आणतोस? थांब की जरा. मी कुठे चाललेय?" त्याने मोटारसायकलला किक मारली. "लग्न परीक्षेनंतरच, तुळशीचं लग्न झालं की. आणि आईने सांगितलंय, माझा पुढचा केकही तुमच्या पप्पांच्याच हातचा हवा. कांडी टोचलेला."